दुधात माणिक टाकणाऱ्यांसाठी

"घरात मोठा लाल खडा असेल तर तुम्ही करोडपती आहात, फक्त तुम्हाला माहीत नाही!" असा एक लांबलचक मेसेज नाशिकच्या यच्चयावत ग्रुपांवर फिरतोय. दुर्लक्ष केलं असतं, पण पंचवटीतल्या आमच्या आत्याने तो वाचून सुपारीएवढा 'बर्मी माणिक' पसंत केलाय आणि त्यासाठी ती बँकेतली ठेव मोडायला निघाली आहे. विकणारा सराफ बाजारातला नाही, कुणाच्या तरी ओळखीतला आहे. दुकान नाही, पाटी नाही, नुसता मोबाइल नंबर.

मेसेज म्हणतो, माणिक जितका मोठा तितका महाग, आणि पुरावा म्हणून दुबईतल्या 2.8 किलोच्या माणकाचा फोटो, 'किंमत 900 कोटी'. तो दगड 2022 मध्ये दुबईत मांडला होता, हे खरं. पण 12 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण 900 कोटी रुपये, हा आकडा मांडणाऱ्यांनी सांगितलेला. सांगायला काय जातं? ब्रिटनमधल्या रेकिन या बांधकाम कंपनीने असाच एक दोन किलोंहून जड माणिक, 'जेम ऑफ टांझानिया', ताळेबंदात 1 कोटी 10 लाख पौंडांना दाखवला होता. 2009 मध्ये कंपनी बुडाली, दगड विकायला काढला, तेव्हा हातात आले जेमतेम आठ हजार पौंड. आत्याला मी एवढंच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तो कच्चा असेल, माझा पैलूचा आहे."

बरं, पैलूचे घेऊ. दर्जा सारखाच असेल तर मोठ्या माणकाचा कॅरटमागचा भाव झपाट्याने वाढतो, हे कबूल करतो. ज्या क्रोमियममुळे माणिक लाल होतो, त्याच्यामुळेच स्फटिक मोठा आणि स्वच्छ वाढणं अवघड जातं. पण 'दर्जा सारखाच असेल तर' हे मेसेजवाला सोयीस्करपणे गिळतो. म्यानमारचा 25.59 कॅरटचा 'सनराइज रूबी' 2015 मध्ये जिनिव्हात तीन कोटी डॉलरच्या वर गेला. मोझांबिकचा 'एस्त्रेला दे फुरा' 55.22 कॅरटचा, म्हणजे दुपटीहून मोठा, 2023 मध्ये न्यूयॉर्कला गेला 3 कोटी 48 लाख डॉलरना. कॅरटमागे हिशेब केला तर मोठ्याला जवळपास निम्माच भाव. रंग, स्वच्छता, खाण कुठली, आणि खडा भट्टीत तापवलेला आहे की नाही, यावर किंमत ठरते. हे दोन्ही न तापवलेले होते.

आता दूध. "अस्सल माणिक दुधात टाकला की दूध गुलाबी दिसतं, लॅबची गरजच नाही." या एका वाक्याने लोकांचे सगळ्यात जास्त पैसे बुडणार आहेत. पांढऱ्या दुधात लाल पारदर्शक खडा टाकला तर लाली दिसणारच! व्हेर्नय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये ज्योतीत माणिक बनवायची पद्धत जाहीर केली. तो कारखान्यातला माणिक रसायनाने खऱ्यासारखाच असतो, किरकोळ भावात मिळतो आणि दुधाची परीक्षा ऐटीत पास होतो.

त्याहून वाईट म्हणजे काच भरलेले माणिक. चिरांनी भरलेला, एरवी कुणी हातात धरणार नाही असा दगड घेतात आणि तापवून चिरांमध्ये शिशाची काच भरतात. खडा एकदम पारदर्शक! दहापट भिंगाखाली तिरका फिरवला की चिरेच्या कडेने निळी झाक चमकून जाते, आत हवेचे बुडबुडे दिसतात. लिंबाच्या रसाने ही काच खाल्ली जाते, सोनाराची ज्योत लागली तर संपलंच. आणि आमची आत्या दागिने लिंबानेच घासते.

मेसेज पुढे म्हणतो, "ब्रिटिश मुकुटातला माणिक त्र्यंबकेश्वराचा." नाही हो. त्र्यंबकेश्वराचा म्हणून सांगतात तो हिरा, 'नासक', आणि तो 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून ईस्ट इंडिया कंपनीने घेतला. लूट खरी, खडा चुकला. मुकुटातला 'ब्लॅक प्रिन्स रूबी' चौदाव्या शतकापासूनच्या कथांत आहे, कंपनी जन्मली 1600 मध्ये. शिवाय तो माणिकच नाही, स्पिनेल आहे, म्हणजे माणकासारखं दिसणारं वेगळंच रत्न. लाहोरहून गेलेला 'तैमूर रूबी' हाही स्पिनेल. युरोपातल्या राजांच्या जव्हेऱ्यांनाही जे नुसत्या डोळ्यांनी ओळखता आलं नाही, ते आत्या दुधाच्या वाटीत ओळखणार.

रास, रवी, अनामिका वगैरेंवर मी बोलत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण श्रद्धेलाही काच कशाला?

"सर्टिफिकेटवाले सगळे मिळालेले असतात." काही कागद फालतू असतात, मान्य. म्हणून विकणाऱ्याचा कागद घेऊच नका. मुंबईला रत्नं तपासणाऱ्या चांगल्या प्रयोगशाळा आहेत, खडा आपण स्वतः पाठवायचा. अहवालात नैसर्गिक आहे का, तापवलाय का, काच भरलीय का, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. तेच शब्द बिलावरही. आत्याने काल त्या गृहस्थाला फोन करून बिल मागितलं. तो म्हणाला, "ताई, बिल केलं तर जीएसटी लागेल."

लागू दे की.