“गहाळ लिहा, साहेब”

गेल्या डिसेंबरात मुंबईला आलो होतो. बसमध्ये चढताना कोणीतरी खिशातला फोन मारला. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी चहा विचारला, अर्ज वाचला आणि ‘चोरी’ या शब्दावर बोट ठेवलं. “गहाळ लिहा, साहेब. सिम लगेच मिळेल. उगाच कोर्टाच्या फेऱ्या कशाला?” दोन दिवसांनी परतीचं विमान होतं. लिहिलं गहाळ.

जानेवारीत इंग्लंडात, लेस्टरच्या घरी बसून मराठी पेपर उघडला, तर ‘चोऱ्या घटल्या’. घटणारच, एक मीच घटवली होती! बातमीत टक्केवारी होती, साहेबांचा फोटो होता. नोंद होते कशी, हा प्रश्न नव्हता. २०१७च्या सुमारास मुंबईच्या लोहमार्ग पोलिसांनी गेलेले मोबाइल ‘गहाळ’ऐवजी ‘चोरी’त नोंदवायला घेतले, तेव्हा आकडा कैक पटींनी फुगला. चोर रातोरात वाढले नव्हते.

‘मुंबई अमुक शहरापेक्षा सुरक्षित’ ही एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या केंद्रीय विभागाच्या, अहवालावरची नेहमीची बातमी. त्या तक्त्यात मुंबईची लोकसंख्या १८४.१ लाख धरलेली असते. ही २०११च्या जनगणनेतली, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली मिळून. एकट्या बृहन्मुंबईत तेव्हा सुमारे १ कोटी २४ लाख माणसं होती. म्हणजे गुन्हे मुलुंड-दहिसरपर्यंतचे आणि भागायचं डोंबिवलीकरांनाही धरून! चौथीतला भागाकार आहे हो.

इथलेही पोलीस धुतल्या तांदळासारखे नाहीत, आणि इथले खपाऊ पेपर तर चाकूहल्ल्यांवरच जगतात. पण २०१४च्या जानेवारीत इथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हे-आकड्यांचा ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जाच, म्हणजे विश्वासार्हतेचा शिक्काच, काढून घेतला. त्याच वर्षी पोलीस निरीक्षणालयाच्या तपासणीत निघालं की इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांना कळवलेल्या पाचांतला जवळपास एक गुन्हा वहीत चढतच नाही. शिवाय १९८२ पासून इथे लोकांनाच थेट विचारणारं सर्वेक्षण आहे: वर्षभरात तुमचं काय गेलं, कोणी मारलं का? तुम्ही पोलिसांत गेलात की नाही, यावर ते अडत नाही.

मुंबईत पेपरसाठी गुन्ह्यांच्या बातम्या करणाऱ्या जुन्या मित्राला फोन केला: नोंद होते कशी, हे साहेबांना का विचारत नाही? तो चिडला नाही. “विचारलं असतं रे. पण उद्या त्याच साहेबांनी माझा फोन उचलायला हवा ना?” खरं आहे. पोलिसांचा फोन इथल्या वार्ताहरालाही लागतोच. फक्त त्याच्या टेबलावर सर्वेक्षणाचा दुसरा आकडा असतो. माझ्या मित्राकडे प्रेसनोट असते, आणि साडेसातची डेडलाइन.