‘सगळं एआरआयवर न्या’ हा सल्ला कुठे चुकतो

ॲस्टरिस्क (फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर चालवणाऱ्यांत एक सल्ला हातोहात फिरतोय: एजीआय (कॉल चालू असताना बाहेरची स्क्रिप्ट चालवण्याची सोय) आणि एएमआय (टीसीपीवरून आदेश देण्याची व घडामोडी कळण्याची सोय) कालबाह्य झाले, बाहेरच्या सेवांशी जे बोलायचं ते एआरआयनेच (वेबवरून कॉलचा ताबा आपल्या ॲपकडे घेण्याची सोय) बोला. हा सल्ला ऐकला तर बिनतक्रार चाललेली यंत्रणा उगाच उसवून बसाल.

‘कालबाह्य’ म्हणजे काय? एआरआय 2013 मध्ये ॲस्टरिस्क 12 सोबत आला. एएमआयची दुसरी आवृत्तीही त्याच ॲस्टरिस्क 12 मधली, मग ती जुनी कशी?

‘एजीआय दर कॉलला नवी प्रोसेस काढतो, म्हणून मंद.’ साध्या एजीआयबाबत हे खरं आहे. फास्टएजीआयमध्ये मात्र तुमचा सर्व्हर 4573 पोर्टवर आधीच चालू असतो. कॉलमागे फक्त एक टीसीपी कनेक्शन लागतं. एजीआय अडकतो तो बऱ्याचदा वेगळ्याच चुकीने. स्क्रिप्ट डीबगचा मजकूर स्टँडर्ड आउटपुटवर छापते, ॲस्टरिस्क त्याला आदेश समजून 510 (‘अवैध आदेश’) हे उत्तर पाठवतो आणि तिथून पुढे प्रत्येक उत्तर एका आदेशाने मागे पडतं. लॉग स्टँडर्ड एररवर किंवा फाइलमध्ये लिहा.

‘एआरआयने काम सोपं होतं’ हा दावा सगळ्यात महागात पडतो. चार आकडी पिन घ्यायचा आहे असं समजा. डायलप्लॅनमध्ये (आलेल्या कॉलचं काय करायचं हे ओळीओळीने लिहिलेला ॲस्टरिस्कचा आराखडा) ‘रीड’ आदेशाची एक ओळ पुरते: संदेश वाजतो, चार आकडे घेतले जातात, ठरवलेली सेकंदं वाट पाहिली जाते. तोच कॉल स्टॅसिसमध्ये (कॉल एआरआय ॲपच्या हाती सोपवणारा डायलप्लॅनमधला आदेश) दिला की प्रत्येक आकडा सुटा इव्हेंट (घडामोडीची सूचना) म्हणून येतो. पहिली कळ दाबताच संदेश थांबवणं, आकडे जोडणं, वेळ मोजणं, फोन मध्येच ठेवला तर आवराआवर करणं, सगळं तुमच्या अंगावर. क्यू (कॉलची रांग) किंवा व्हॉइसमेल हवा असेल तर कॉल डायलप्लॅनकडे परत सोडावा लागतो. इव्हेंट ज्यावरून येतात तो वेबसॉकेट (सतत चालू असलेली जोडणी) तुटला तर मधले इव्हेंट गेले ते गेले. पुन्हा जोडल्यावर चालू चॅनेलची (कॉलच्या एकेका बाजूची) यादी मागवून मेळ बसवा. तुमचं ॲपच बंद असेल तर कॉल स्टॅसिसमधून लगेच बाहेर येतो. पुढच्या ओळीत स्टॅसिसस्टेटस (स्टॅसिस कसं संपलं ते सांगणारं व्हेरिएबल) तपासून दुसरी वाट दिलेली नसेल, तर बहुधा तो तिथेच तुटतो.

स्वतःची कॉन्फरन्स बांधायची असेल, कॉल या ब्रिजमधून (कॉल एकमेकांना जोडणाऱ्या जागेतून) त्या ब्रिजमध्ये हलवायचे असतील, आवाज बाहेरच्या सेवेकडे पाठवायचा असेल, तर ही मेहनत जरूर घ्या. एआरआय त्यासाठीच आहे. नुसती खात्यातली शिल्लक विचारायला डायलप्लॅनमधलं कर्ल फंक्शन (वेब पत्त्यावरून माहिती मागवणारं) पुरतं. फक्त आधी कर्लऑप्टने (त्याचीच सेटिंग) टाइमआउट तीनेक सेकंदांवर बांधा, नाहीतर सेवा रेंगाळली की ग्राहक कानाला फोन लावून ताटकळतो.

राहिला वॉलबोर्ड (कॉलची स्थिती दाखवणारा पडदा) आणि यादीतल्या नंबरांना कॉल लावणं. ते एएमआयचं काम. ओरिजिनेटला (कॉल लावण्याचा आदेश) असिंक ट्रू (उत्तराची वाट न पाहता पुढे जा) द्या, नाहीतर त्या कनेक्शनवरचे पुढचे आदेश खोळंबतात. त्यातला टाइमआउट मिलिसेकंदांत असतो: सेकंदांत चालणाऱ्या डायल आदेशाच्या सवयीने 30 लिहिलंत तर घंटी वाजण्याआधीच कॉल संपतो, 30000 लिहा. आणि एएमआयचा 5038 पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका. क्लायंट त्याच मशिनवर असेल तर 127.0.0.1 (मशिनचा स्वतःचाच पत्ता) वरच बांधा.