गाडी धुतल्यावर चिकटलेले ब्रेक: स्प्रे मारू नका, रेस देऊ नका

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला थोडक्यात असा: ‘धुतल्यावर ब्रेक गंजून जाम झाले तर चाकाच्या फटीतून गंज सोडवायचा स्प्रे मारा, पहिला गिअर टाकून जोरात रेस द्या, खट् आवाज झाला की चाक सुटलं. डिस्क लाल झाली असेल तर ती बदला. पुन्हा त्रास नको म्हणून खालून डिझेल-ऑइलचा फवारा मारून घ्या.’ यातल्या निम्म्या गोष्टी खर्चात पाडतात आणि उरलेल्या जिवावर बेतू शकतात.

‘लाल डिस्क म्हणजे गेलेली डिस्क.’ नाही. डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते आणि पॅड (तिच्यावर दाबला जाणारा तुकडा) घासतो त्या भागाला रंग देता येत नाही. ओल्या बिडावर काही तासांत तांबूस थर येतो, कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. चार-पाच वेळा ब्रेक दाबले की तो निघून जातो. बोटाला लागणारे खड्डे किंवा काठाने सुटणारे पापुद्रे दिसले, तरच डिस्कची जाडी मोजून घ्या.

‘धुतल्यामुळे ब्रेक जाम होतात.’ अर्धवट खरं. धुऊन लगेच हँडब्रेक ओढला की मागच्या ड्रममधले (चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डब्यातले) ओले लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) बिडाला दाबून राहतात. मधलं पाणी सुकायला वाव नसतो, गंज लायनरच्या छिद्रांत शिरतो आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरून बसतात. म्हणून धुतल्यावर एक-दोन किलोमीटर फिरा, रस्ता मोकळा बघून ताशी 30-40 च्या वेगाने पाच-सहा वेळा हलका ब्रेक दाबा. मग सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये) उभी करा, चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक काही गाड्यांत इंजिन बंद करताच आपोआप लागतो. तो सोडून कसा ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये पाहा.

‘स्प्रे मारा.’ अजिबात नको. लायनर आणि पॅड तेल शोषून घेतात, ते धुऊन पूर्ण निघत नाही. चाक सुटेलही, पण ब्रेक घसरेल, गाडी एका बाजूला ओढेल आणि शेवटी दोन्ही चाकांचे लायनर बदलावे लागतील. ब्रेकजवळ चालतो तो फक्त ब्रेक क्लीनर, कारण तो उडून जातो. डिझेल-ऑइलच्या फवाऱ्याचंही तेच: ते ड्रमच्या फटीत जातं, शिवाय सस्पेंशनचे रबरी बुश फुगवतं.

‘जोरात रेस द्या.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. बऱ्याच शूवर (लायनर धरणाऱ्या वाकड्या पत्र्यावर) लायनर चिकटवलेला असतो. झटका बसला की तो पत्र्यापासून उखडतो आणि सुटा तुकडा पुढे धावत्या गाडीत ड्रममध्ये अडकून चाक लॉक करू शकतो. त्याऐवजी हँडब्रेक पूर्ण सोडा, रिव्हर्स टाका, रेस न देता क्लच हळूहळू सोडा. मागची बाजू ताणली गेली पण चाक फिरलं नाही तर क्लच लगेच दाबा, मग पहिल्या गिअरमध्ये तेच करा. असं चार-पाच वेळा.

तरीही हललं नाही तर सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी उचलून जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवा, मग मागचं चाक काढा. ड्रमच्या बाहेरच्या कडेवर, फिरत फिरत, रबरी हातोडीने ठोका. लोखंडी हातोडीने बीड तडकतं. बऱ्याच ड्रमवर 8 मिमी बोल्टसाठी आट्यांची दोन भोकं असतात. दोन्ही बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. आतली धूळ हवेने उडवू नका. मास्क लावून ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा, बिडावरचा गंज 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, लायनरला चीर आहे का बघा.

चाक सुटल्यावर दोन-तीन किलोमीटर हळू चालवून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, रिमला लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर दोष वेगळा आहे: मागे बहुधा हँडब्रेकची केबल आवरणात गंजून परत येत नसते, पुढे कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) स्लाइड पिन किंवा पिस्टन अडकलेला असतो. पिनला साधं ग्रीस चालत नाही, रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा.