‘संस्कार कमी पडले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत आटोपण्यासारखी ती नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गुन्हेगारीचं मूळ घरात आणि शेजारपाजारात शोधणारे अमेरिकेतले परंपरावादी समाजशास्त्रज्ञ मी फार कौतुकानं मांडले. ही मंडळी शेवटी गरिबाच्याच डोक्यावर खापर फोडतात. याच विचारातून इंग्रजांनी १८७१ साली अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, ‘गिरणी बंद पडून घरी बसलेल्या बापाला तुम्ही काय सांगाल? संस्कार कमी पडले म्हणून?’

हा प्रश्न मनाला लागला. असा एक बाप आमच्याच मजल्यावर होता.

लालबागच्या चाळीत मी वाढलो. हे काका कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. पहिली पाळी करून साडेतीन-चारला घरी यायचे, हातपाय धुऊन गॅलरीत बसायचे आणि बशीत चहा ओतून घ्यायचे. समोरून जाणाऱ्या प्रत्येक पोराला एकच प्रश्न, ‘कुठनं आलास रे?’ स्वतःचा मुलगा असो की तिसऱ्या खोलीतला. खोटं बोललं की त्यांना कळायचं, आणि रात्रीपर्यंत आपल्या आईलाही कळलेलं असायचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्षभरानंतरही काका गॅलरीत बसत होते, पण प्रश्न बंद झाला होता. पितळेची भांडी विकून झाली होती, काकू खानावळीला चपात्या लाटून देत होत्या आणि मधला मुलगा नाक्यावरच्या टोळीत बसून घरात पैसे आणू लागला होता. ज्याच्या पैशानं स्टोव्हमध्ये रॉकेल पडतं, त्याला ‘कुठनं आलास’ म्हणून कोणत्या तोंडानं विचारायचं?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी वाचताना मला हेच काका आठवले. १९६९ साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या रिचमंड भागातल्या चार हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या माहितीवरून आपला सिद्धान्त मांडला. माणूस गुन्हा का करतो यापेक्षा बहुतेक माणसं तो का करत नाहीत, हे त्यांनी विचारलं. मुलांना विचारलेला एक प्रश्न असा होता : तू घराबाहेर असताना कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, हे आईवडिलांना माहीत असतं का? काकांचाच प्रश्न. आणि उत्तरांतून निघालं ते असं की, आईबापांशी ज्याचं घट्ट नातं आहे तो मुलगा कमी भरकटतो, मग बाप कुठल्याही वर्गाचा, कुठल्याही वर्णाचा असो. वर्ग आणि वाट चुकणं यांचा संबंध त्यांना जेमतेमच सापडला. यात गरिबाला दोष कुठे आहे? उलट, गरीब बापाची नजर श्रीमंत बापाच्या नजरेइतकीच कामाची आहे, असं हा माणूस सांगतो.

दोष देणारे दुसरे आहेत, आणि इथे तुमचं खरं आहे. त्यांची आणि हर्शींची मी लेखात सरमिसळ केली. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एडवर्ड बॅनफिल्ड यांनी १९७० साली लिहिलं की, तळच्या वर्गाला उद्याचा विचारच करता येत नाही, ती त्याची वृत्तीच आहे. तिथलेच परंपरावादी लेखक चार्ल्स मरे यांनी पुढे सरकारी मदत आणि लग्नाबाहेरची मुलं यांकडे बोट दाखवलं. हे मला पटत नाही, आणि आकडेही त्यांच्या बाजूचे नाहीत. अमेरिकेत १९९० साली लग्नाबाहेर जन्मणारी मुलं सुमारे २८ टक्के होती, २०१९ मध्ये ४० टक्के. त्याच काळात हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग या अमेरिकन अभ्यासकांच्या लेखातल्या फुटक्या खिडकीचं मी उदाहरण दिलं होतं. तो लेखही मार्च १९८२ चा, आमच्या संपाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातला. फुटकी खिडकी कोणी बसवली नाही की बाकीच्याही फुटतात, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्यात मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांच्या १९६९ च्या प्रयोगाची हकिगत आहे. बेवारस दिसणारी गाडी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात उभी केली, तर दहा मिनिटांत तिच्यावर हात पडला. पहिले आले ते आई, बाप आणि लहान मुलगा, एक कुटुंबच. गाडी लुटणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेक नीटनेटक्या कपड्यांतले गोरे होते. कोणी बघत नाही असं वाटलं की कोणाचाही हात पुढे जातो, हे खुद्द त्या लेखातच लिहिलेलं आहे.

आता १८७१ च्या कायद्याचं. तो आणि हर्शींचा विचार एकाच माळेत ओवू नका, ही कळकळीची विनंती. गुन्हा रक्तातच आहे असं त्या कायद्यानं धरलं. या जमातींना डांबण्यासाठी केलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटला, म्हणजे वसाहतीला, तारेचं कुंपण होतं, रोज हजेरी होती. पुढच्या दुरुस्त्यांनी तर मुलांना आईबापांपासून वेगळं काढण्याचीही सोय केली. ज्या धाग्यानं माणूस सावरतो तोच धागा सरकारनं कापला. १९५२ साली कायदा रद्द झाला, पण शिक्का अजून पुसलेला नाही, हे तुमच्याइतकंच मलाही डाचतं.

आणि याच ठिकाणी विल्सन यांच्याशी माझं बिनसतं. गुन्ह्याची मुळं सरकारच्या हाताबाहेरची आहेत, तेव्हा शिक्षेची खात्री वाढवा, असा त्यांचा रोख. त्या वाटेनं जाता जाता २००८ पर्यंत अमेरिकेच्या तुरुंगांत सुमारे २३ लाख माणसं जमा झाली. नातं माणसाला धरून ठेवतं असं म्हणायचं आणि लाखो बापांना घरातून उचलायचं, हे कसं जुळणार? रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब या अमेरिकन अभ्यासकांनी बॉस्टनच्या ५०० बालगुन्हेगारांची जुनी कागदपत्रं पुन्हा तपासली. स्थिर नोकरी आणि चांगलं लग्न यांनी त्यांतले बरेच सावरले, आणि तुरुंगानं नेमकी ती स्थिर नोकरीच दुरापास्त केली. परंपरावाद्यांचंच सूत्र शेवटपर्यंत धरलं तर ते तुरुंगापाशी नाही, रोजगारापाशी जातं. गिरणी म्हणजे नुसता पगार नव्हता. काकांना पोरांना हटकायचा हक्क त्या पगारानं दिला होता.

म्हणून लेखातलं ‘संस्कार कमी पडले’ हे वाक्य मी काढून टाकलं आहे. त्या वाक्यानं ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागतो. बाकी लेखावर मी ठाम आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. काकांचा मुलगा दीड वर्ष आत जाऊन सुटला, तेव्हा त्याच्याशी बोलायला मजल्यावरची दारं उघडेनात. एका शेजाऱ्यानं त्याला ओळखीच्या छापखान्यात लावलं. पहिल्या दिवशी तो कामावरून परतला तेव्हा काका गॅलरीत होते. बऱ्याच वर्षांनी त्यांनी विचारलं, ‘कुठनं आलास रे?’ अशा माणसाला मी काय सांगणार?