गटे वायमारच्या रस्त्यावर नाचला नव्हता

आषाढाच्या पहिल्या दिवशी कालिदासाची आठवण निघते आणि तिच्या मागोमाग तो मेसेजही येतो. थोड्याफार फरकाने मजकूर असा: जर्मन महाकवी गटे याने मॅक्समुल्लरने केलेलं शाकुंतलचं भाषांतर वाचलं आणि आनंदाच्या भरात ग्रंथ डोक्यावर घेऊन तो वायमारच्या रस्त्यावर नाचला. मग तो संस्कृत शिकला, शाकुंतलवरूनच त्याने 'फाउस्ट' हे नाटक लिहिलं, आणि हिंदुस्थानवर त्याचा इतका जीव जडला की पुढचा जन्म इथेच मिळावा असं त्याने लिहून ठेवलं. खाली 'अभिमान असेल तर पुढे पाठवा' असतंच.

गटेला शाकुंतल मनापासून आवडलं होतं, एवढं यात खरं आहे. बाकीचं एकेक घेऊ.

मॅक्समुल्लरचा मुद्दा दोन तारखांत मिटतो. त्याचा जन्म १८२३ चा आणि गटे वारला १८३२ साली. आठ वर्षांच्या पोराने शाकुंतलचं भाषांतर केलं नव्हतं. गटेच्या हाती आलं ते गेऑर्ग फॉर्स्टरचं जर्मन पुस्तक, १७९१ चं. हा फॉर्स्टर पोरवयात कॅप्टन कुकच्या जहाजावरून जगप्रदक्षिणा करून आलेला आणि तेव्हा माइन्झच्या विद्यापीठात ग्रंथपाल होता. त्यालाही संस्कृत येत नव्हतं. त्याने समोर ठेवलं होतं ते विल्यम जोन्सचं इंग्रजी भाषांतर, कलकत्त्यात १७८९ साली छापलेलं. आणि जोन्सने ते कसं केलं? रामलोचन नावाच्या पंडिताजवळ बसून, आधी शब्दाला शब्द लावत लॅटिनमध्ये, आणि त्या लॅटिनवरून इंग्रजीत. म्हणजे कण्वाच्या आश्रमातून निघालेली शकुंतला लॅटिन, इंग्रजी आणि जर्मन असे तीन मुक्काम करून वायमारला पोचली. जोन्सने रामलोचनचं नाव प्रस्तावनेत दिलं आहे. आपल्या अभिमानाच्या मेसेजमध्ये मात्र त्याला जागा मिळालेली नाही.

गटे संस्कृत शिकला हाही मुद्दा इथेच निकालात निघतो. पॅरिसचा संस्कृतचा प्राध्यापक शेझी याने १८३० साली मूळ संहिता आणि फ्रेंच भाषांतर छापून त्याला पाठवलं, तेव्हा आभाराच्या पत्रात त्याने आपल्या वाचनाचा हिशेबच दिला आहे. तो लिहितो की हे नाटक प्रथम वाचलं तेव्हा मी इतका भारावलो की ते जर्मन रंगभूमीवर आणायच्या अशक्य खटाटोपालाही लागलो. खटाटोप फुकट गेला, पण त्या नादात नाटक इतकं अंगवळणी पडलं की गेल्या तीस वर्षांत इंग्रजी काय किंवा जर्मन काय, एकही प्रत पुन्हा उघडली नाही. संस्कृत प्रतीचा प्रश्नच नव्हता. ज्या नाटकापुढे वायमारच्या नाट्यगृहाचा संचालक असलेल्या गटेने हात टेकले, ते अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात पदांसकट उभं केलं, हे आपल्याला जास्त मिरवता आलं असतं.

आता नाच.

१७९१ चं वायमार म्हणजे जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव. पण त्या गावात माणसं कोण होती बघा. राजपुत्रांना शिकवायला म्हणून आलेला आणि मग तिथेच राहिलेला कवी वीलँड, धर्मपीठाचा प्रमुख हर्डर, आणि खुद्द गटे, जो १७७६ पासून ड्यूक कार्ल आउगुस्टच्या दरबारात मंत्री होता आणि रस्ते, खाणी, सैन्यभरती असल्या खात्यांची कागदपत्रं उपसून दमलेला. नाटककार शिलर अजून शेजारच्या येना गावात होता. ही सगळी मंडळी दिवसभर एकमेकांना पत्रं लिहीत. त्याच वर्षी गावच्या शाळेचा मुख्याध्यापक होऊन आलेला ब्यॉटिगर तर कोण कोणाकडे काय बोललं हे टिपून ठेवण्यासाठीच बदनाम होता. एकेचाळीस वर्षांचा मंत्री पुस्तक डोक्यावर ठेवून भर रस्त्यात नाचला असता, तर संध्याकाळच्या आत दहा पत्रांत ते गेलं असतं.

शिवाय त्या काळात गाव त्याच्यावर डोळा ठेवूनच होतं. क्रिस्टियाने वुल्पियस या कृत्रिम फुलांच्या कारखान्यातल्या मुलीबरोबर तो लग्नाशिवाय राहत होता, त्यांना मुलगाही झाला होता. या प्रकरणापायी त्याला फ्राउएनप्लानवरचं प्रशस्त घर काही काळ सोडून शिकारखात्याच्या वाड्यात बिऱ्हाड हलवावं लागलं होतं. शाकुंतल वाचलं तेव्हा तो तिथेच राहत होता. क्रिस्टियानेबद्दलच्या कुजबुजीने पत्रांचे गठ्ठे भरले आहेत, नाचाबद्दल एक ओळ नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? माझा अंदाज सरळ आहे. एखादी गोष्ट फार आवडली की आपण तिला डोक्यावर घेऊन नाचतो, निदान मराठीत तरी. कोणा व्याख्यात्याने 'गटेने शाकुंतल डोक्यावर घेतलं' म्हटलं असेल, श्रोत्यांनी ते डोळ्यांसमोर आणलं, पुढच्याने रस्ता जोडला. काही मेसेजांत गटेच्या जागी जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवर असतो आणि शाकुंतलच्या जागी उपनिषदं, नाच तोच. त्याची खरी गोष्ट अशी: १८१३-१४ च्या हिवाळ्यात तो वायमारला आईकडे होता. आईचं आणि त्याचं विस्तव जाईना. त्या काळात फ्रीडरिख मायर या हर्डरच्या शिष्याने त्याला भारतीय विचारांची गोडी लावली आणि मार्च १८१४ मध्ये त्याने ड्यूकच्या ग्रंथालयातून उपनिषदांचं लॅटिन भाषांतर घरी नेलं. ते दारा शुकोहच्या फार्सीवरून केलेलं होतं. दोन महिन्यांत आईशी कायमचं भांडून तो ड्रेस्डेनला गेला. नाचण्यासारखी घरची परिस्थिती नव्हती.

गटेने शाकुंतलसाठी खरोखर केलं ते चार ओळींचं. वसंतातली फुलं आणि वर्ष उतरणीला लागतानाची फळं, भुरळ घालणारं आणि पोट भरणारं, स्वर्ग आणि पृथ्वी, हे सगळं एकाच नावात बांधायचं तर, शकुंतले, मी तुझं नाव घेतो, की सगळं सांगून झालं. १७९१ च्या जूनमध्ये याकोबी या मित्राला लिहिलेल्या पत्रात या ओळी आहेत. मेसेजांत कधीकधी 'वासन्तं कुसुमं फलं च युगपद्' हा शार्दूलविक्रीडितातला श्लोक गटेचा म्हणून देतात. तो या ओळींवरून आपल्याकडे झालेला संस्कृत अवतार आहे. सुरेख आहे, पण त्यातला 'प्रियसखे, शाकुंतल वाच' हा सल्ला गटेचा नाही. तो कोणाला शिफारस करत नव्हता, शकुंतलेशी बोलत होता.

'फाउस्ट शाकुंतलवरून लिहिलं' यात कणभर तथ्य आहे, म्हणून थोडं थांबू. सैतानाशी करार करणाऱ्या फाउस्टची कथा जर्मनीत १५८७ साली छापलेली आहे. गटे वायमारला आला तेव्हा त्याच्या फाउस्टचा पहिला खर्डा त्याच्या सामानातच होता, आणि १७९० साली, म्हणजे शाकुंतल वाचण्याच्या आदल्या वर्षी, त्याने त्यातले प्रवेश छापलेसुद्धा. उसना आहे तो फक्त दरवाजा. १८०८ च्या प्रतीत सुरुवातीला नाट्यगृहाचा मालक, कवी आणि विदूषक 'आज लोकांना काय दाखवायचं' यावर वाद घालतात. हे सूत्रधार आणि नटीच्या प्रस्तावनेवरून सुचलं, असं जर्मन कवी हाइनेने पूर्वीच म्हटलं होतं आणि अभ्यासक ते मानतात. संगीत नाटकं पाहिलेल्या मराठी माणसाला तो प्रवेश वाचताना ओळख पटतेच. पण दरवाजा आपला म्हणून घर आपलं होत नाही.

उरला पुनर्जन्म. इथे मेसेज लिहिणाऱ्याची खरी पंचाईत आहे, कारण गटेने हिंदुस्थानात राहण्याबद्दल खरंच लिहिलं आहे. उतारवयातल्या त्याच्या तिरकस चुटक्यांत ती ओळ येते: हिंदुस्थानात मी स्वतः राहिलो असतो, तिथे पाथरवट झाले नसते तर! वेरूळ आणि घारापुरी अंगणात असलेल्या आपल्याला हे झोंबेल. त्याच चुटक्यांत तो अनेक तोंडांच्या देवांना हद्दपार करतो आणि विष्णू, काम, ब्रह्मा, शिव, इतकंच काय हनुमानाचंही नाव घेतो. हत्तीच्या सोंडा आणि सापांची वेटोळी देवघरात नकोत म्हणतो, डोंगर पोखरून केलेल्या लेण्यांना मूर्खपणा म्हणतो. त्यांच्याच शेजारी दुसरा चुटका: शकुंतला आणि नल यांचे तर मुकेच घ्यावेत, आणि मेघदूत कोणाला आपल्या जिवलगाकडे धाडावासा वाटणार नाही!

त्याने एकही लेणं पाहिलं नव्हतं. युरोपात घारापुरीची चित्रं पोचली ती कार्स्टन नीबूरसारख्या प्रवाशांच्या पुस्तकांतून, आणि गटेची नजर इटलीत ग्रीक-रोमन पुतळ्यांवर तयार झालेली. चार हात त्याला रुचले नाहीत. त्याचं चुकलं असं मला वाटतं, पण ते त्याचं स्वच्छ मत होतं, आणि ते गाळून अर्धीच ओळ उचलायची ही लबाडी आहे.

गंमत म्हणजे ज्या देवळांवर तो तोंडसुख घेतो, त्यांच्याच भोवतीची एक कथा त्याला जन्मभर सोडत नव्हती. फ्रेंच प्रवासी सोनेरा याच्या पुस्तकात त्याने वाचलं होतं की एका ब्राह्मणाची पत्नी रोज नदीवर जाते, घागर नाही, कळशी नाही, पातिव्रत्याच्या बळावर पाणी तिच्या हातात गोळा होऊन राहतं. एक दिवस पाण्यात तिला एका दिव्य तरुणाचं प्रतिबिंब दिसतं, मन क्षणभर ढळतं आणि पाणी हातात ठरेना. गटेने यावर लिहिलेल्या कवितेत नवरा स्वतः तिचं मस्तक उडवतो. मुलाला ते पुन्हा जोडायची मुभा मिळते, आणि घाईत तो आईचं शिर वधस्तंभाजवळ पडलेल्या एका अंत्यज स्त्रीच्या धडावर ठेवतो. जी उठते ती देवी होते. डोकं ब्राह्मणीचं, धड वाळीत टाकलेल्या बाईचं, आणि ती देवापाशी तळच्या माणसांची कैफियत मांडते.

माहूरगड चढून आलेल्या कोणालाही ही कोण ते सांगायला नको. सोनेराच्या पुस्तकात मुलाचं नाव परशुरामच आहे. गटेने तीन कवितांची ती 'पारिया' (म्हणजे अंत्यज) मालिका १८२४ साली, पंचाहत्तरीला टेकताना छापली. शाकुंतल त्याने चार ओळींत बसवलं, रेणुकेला मात्र सबंध दीर्घ कविता दिली. हे सांगणारा एकही मेसेज मला अजून आलेला नाही.