पत्रक छापण्याआधी

वाद एका पत्रकावरून सुरू झाला. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचे आवाहन करणारा तो मसुदा शाळेत शिकवणाऱ्या आमच्या मित्राने कट्ट्यावर वाचून दाखवला. लोकांना महत्त्व पटले की ते आपण होऊन करू लागतील, अशी त्याची श्रद्धा आहे. सर्वेक्षणाच्या कामात बरीच वर्षे घालवलेल्या मैत्रिणीने एवढेच विचारले, "महत्त्व पटलेले नाही, हे तुला कोणी सांगितले?"

तिचे म्हणणे असे होते की एकाच्या घरात दोन डबे ठेवायला जागा नसते, दुसऱ्याच्या घरातला कचरा भलताच कोणी बाहेर नेतो आणि तिसऱ्याने वेगळा केलेला कचरा पुढे एकाच गाडीत ओतला जाताना डोळ्यांनी पाहिलेला असतो. या तिघांना एकच पत्रक देण्यात काहीच अर्थ नाही, आणि तिसऱ्याच्या बाबतीत तर ते जखमेवर मीठ चोळणे आहे.

तिने टेक्सासचा दाखला दिला. त्या राज्याच्या महामार्गांवर कचरा टाकणाऱ्यांमध्ये तरुण पुरुषांचा भरणा मोठा असल्याचे आणि सौम्य विनंत्यांचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नसल्याचे आढळल्यावर, त्यांच्या राज्याभिमानालाच हात घालणारी 'डोन्ट मेस विथ टेक्सास' (टेक्सासच्या वाटेला जाऊ नका) ही दरडावणीच्या सुरातली मोहीम १९८६ मध्ये सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत रस्त्यावरचा कचरा बराच घटला. "पण हे काही निसर्गप्रेम नव्हे," शिक्षकमित्र म्हणाला. "रस्त्याला त्याचे काय?" तिने विचारले. मला दोघांचेही पटले, म्हणून मी गप्प राहिलो.

खरी अडचण आकडेवारीत रमणाऱ्या तिसऱ्या मित्राने काढली. लोकांना विचारून खरे कारण कळतेच, असे कशावरून? कॅलिफोर्नियातील रहिवाशांना वीज वाचवण्यामागची कारणे विचारली गेली, तेव्हा 'शेजारी वाचवतात म्हणून' या कारणाला त्यांनी सर्वांत कमी महत्त्व दिले. प्रत्यक्षात त्यांच्या वागण्याशी सर्वाधिक संबंध याच गोष्टीचा निघाला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मैत्रिणीने ते मान्य केले, मात्र त्यातून चौकशीच निरर्थक ठरते, हे तिला मान्य नव्हते. 'का' हा प्रश्न कमी विचारावा, कचरा वेगळा करणाऱ्यांचा आणि न करणाऱ्यांचा दिवस शेजारी शेजारी मांडून पाहावा, डब्यांपाशी उभे राहून निरीक्षण करावे आणि सापडलेला उपाय आधी मोजक्या घरांवर आजमावून मगच सर्वत्र न्यावा, असे ती म्हणाली. डग मॅकेन्झी-मोर या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने मांडलेली पद्धतही साधारण हीच आहे: आधी वर्तन नेमके निवडायचे, मग त्यातले अडथळे आणि फायदे शोधायचे, आणि प्रचाराचा विचार त्यानंतर.

एवढे झाल्यावर तिने मसुदा हातात घेतला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. 'आपल्यापैकी बहुतेक जण कचरा वेगळा करत नाहीत, ही शरमेची बाब आहे.' ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चियालदिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच एक फलक लावून पाहिला होता. यापूर्वीच्या अनेक पर्यटकांनी अश्मीभूत लाकूड उचलून नेल्याने उद्यानाचे रूप बदलले, अशी खंत त्यावर होती. तो फलक असताना उचलल्या गेलेल्या लाकडाचे प्रमाण, नुसते 'उचलू नका' सांगणारा फलक असतानाच्या तुलनेत, कितीतरी अधिक निघाले. सगळेच नेतात म्हटल्यावर आपणच तेवढे का सोडावे!

शिक्षकमित्राने ती ओळ मुकाट्याने खोडली. पत्रक तूर्त छापायचे नाही आणि आधी घरोघरी जायचे, हेही त्याने कबूल केले. उठता उठता मात्र तो म्हणाला, "जो दार उघडून दोन शब्द बोलतो, तो बहुधा कचरा वेगळा करणाराच असतो. दारच न उघडणाऱ्याला तुम्ही काय विचारणार?"

मैत्रिणीकडे याचे तयार उत्तर नव्हते. पहिल्या फेरीत किती दारे बंद राहिली तेही लिहून ठेवायचे आणि त्या घरांकडे वेगळ्या वेळी पुन्हा जायचे, एवढेच त्या संध्याकाळी ठरले.