कानापेक्षा हेडफोन जड

खिशातल्या म्युझिक प्लेअरच्या खोक्यात फुकट आलेला इअरफोन अजून चालतोय, दोन्ही कानांत गाणं ऐकू येतंय आणि तुम्ही गुणगुणत कामं उरकताय, ही परिस्थिती फार दिवस चालू देऊ नये. सुधारणा झालीच पाहिजे. खिशात पैसे कमी आहेत म्हणून मागे हटू नका. गडगंज माणूस एकदाच महागातला हेडफोन उचलतो आणि विषय संपवतो. शोधाशोधीची मजा बिचाऱ्याला कळतच नाही. तुम्हाला तीनदा स्वस्तातला घेऊन त्याच रकमेपर्यंत पोचायचं आहे. सावकाश चला.

आधी बजेट ठरवा. आकडा कागदावर लिहा, खाली दोन रेघा मारा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मग शोधायला बसा. तुमच्या आकड्याच्या अगदी जरा वर एक हेडफोन दिसेल, त्याच्याबद्दल सगळे म्हणत असतील, 'थोडे आणखी टाका, पण हाच घ्या.' टाका. त्याच्याही जरा वर दुसरा असतो आणि त्याच्याबद्दलही लोकांचं हेच मत असतं. असं करत करत प्लेअरच्या तिप्पट किमतीचा हेडफोन घरात येतो आणि बजेट मोडल्याची बोचणी लागत नाही, कारण दर वेळी तुम्ही 'थोडेच' टाकलेले असतात.

आता खोका वाचायला शिका. त्यावर छापलेलं असतं, ५ ते ४०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं; आकडा मोठा तितका सूर वरचा. माणसाच्या कानाची धाव साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, तीही तरुणपणी; वय वाढेल तसा वरचा आकडा खाली येत जातो. म्हणजे खोक्यावरचा निम्मा पल्ला तुमच्यासाठी नाहीच, वटवाघळांसाठी आहे. असू दे, मोठा आकडा तो मोठा आकडा. हा पल्ला किती डेसिबलच्या (डेसिबल म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचं माप) चढउतारात मोजलाय, एवढं मात्र कुणाला विचारू नका. तो खुलासा नसेल तर ४०,००० हर्ट्झला नुसती कुजबुज असली तरी छापायला कुणाची हरकत नसते, आणि जिथे गाणाऱ्याचा गळा असतो त्या मधल्या भागात खड्डा असला तरी खोक्यावर तो दिसत नाही. नसत्या चौकशा करणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदारही पुन्हा हसून 'या' म्हणत नाही.

यानंतर ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती रोध करतो त्याचं माप. इथे जरा थांबू, कारण पैसे वाया घालवायला इतकी हक्काची जागा दुसरी नाही. जाणकार मंडळी कुठला हेडफोन वापरतात ते बघा. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा. बायरडायनॅमिकच्या डीटी ८८० ची एक आवृत्ती तर ६०० ओहमची. तुमच्या खोक्यातला फुकटा इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचा असेल. एवढी तफावत डोळ्यांदेखत दिसत असताना अजून विचार कसला करताय? जुना वापरलेला, कुशनचं कातडं सोलवटलेला का होईना, पण ३०० ओहमचाच घ्या.

घरी आणून प्लेअरला जोडलात की आवाजाची पट्टी पार शेवटापर्यंत न्यावी लागेल आणि तरीही गाणं दमल्यासारखं वाजेल. यात हेडफोनचा दोष नाही. तो भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या अँप्लिफायरसाठी, म्हणजे आवाजाला जोर देणाऱ्या यंत्रासाठी, घडवलेला आहे आणि तुमच्या प्लेअरात बोटभर बॅटरी आहे. कॉइलचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याचा, रोध जास्त असेल तर तेवढीच शक्ती पोचवायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि ते प्लेअरकडे नसतं. खरं तर ओहमशेजारी दुसराही एक आकडा छापलेला असतो, सेन्सिटिव्हिटीचा: एका मिलिवॅट शक्तीत किती डेसिबल आवाज. दर ३ डेसिबलला दुप्पट आणि १० डेसिबलला दहापट शक्ती लागते. म्हणजे ९० डेसिबलवाल्याकडून १०० डेसिबलवाल्याइतका आवाज काढायचा तर प्लेअरने दहापट राबायचं. कमी ओहम आणि शंभराच्या पुढे सेन्सिटिव्हिटी, एवढं बघून घेतलं तर साधा हेडफोनही छोट्या प्लेअरवर झकास वाजतो. पण मग पुढची खरेदी कशी होणार?

पुढची खरेदी म्हणजे अर्थात अँप्लिफायर. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा मिळतो. दोन रबरबँड लावून तो प्लेअरच्या पाठीला बांधायचा, मध्ये बोटभर लांबीची दोन्हीकडे पिन असलेली वायर जोडायची. एक रबरबँड नेमका स्क्रीनच्या मधोमध येतो, त्यामुळे गाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एवढंच वाचता येतं. हे बोचकं खिशात मावत नाही, म्हणून पिशवी. अँप्लिफायरला वेगळं चार्जिंग, म्हणून पिशवीत दुसरी वायर. खिशात टाकून हिंडायला घेतलेलं यंत्र आता खांद्याला लटकवून न्यावं लागतं, पण बघणाऱ्यावर छाप पडते हे नाकारता येणार नाही.

सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ ला बाजारात आला. त्याला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून, आणि एक नारिंगी बटण, जे दाबलं की गाणं हळू होऊन छोट्या माइकमधून एकमेकांशी बोलता यायचं. सोबत फोमच्या गाद्यांचा हलकाफुलका हेडफोन. लोक ते कानाला लावून रस्त्याने चालत सुटले आणि खूश झाले. अडाणी काळ तो. ड्रायव्हरचा (आतल्या इवल्या स्पीकरचा) व्यास किती, वायरीतलं तांबं किती शुद्ध, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे १९८४ मध्ये कॉस कंपनीने पोर्टा प्रो आणला, खास असल्या खिशातल्या यंत्रांसाठी. हलका, घडी होणारा, फोमचा, छोट्या बॅटरीवर नीट वाजणारा आणि बेताच्या किमतीचा. आजही जवळपास त्याच रूपात विकला जातो. चाळीस वर्षं टिकलेल्या वस्तूकडे बघायचं नाही, हा आपला नियम. शिवाय घडीच्या बिजागरीत केस अडकतात आणि फोटोत माणूस ऐंशीच्या दशकातला दिसतो.

किंमत हीच गुणवत्तेची खूण, यावर श्रद्धा अढळ असू द्या. २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं किमतींशेजारी ठेवून पाहिली. कुठल्या पट्टीतला आवाज किती वाजतो आणि किंमत किती, यांचा एकमेकांशी संबंध त्याला आढळला नाही. असली माहिती घरात आणू नये. बांधणी, आराम, टिकाऊपणा यांचे जास्त पैसे पडतात हे खरं, पण ती कारणं फारच घरगुती वाटतात. त्यापेक्षा रिव्ह्यूची भाषा शिकून घ्या. 'कानावरचा पडदा दूर झाला', 'ट्रेबल (म्हणजे वरचे सूर) रेशमी आहे', 'बासला (म्हणजे खालच्या सुरांना) पोत आहे'. दोन महिने हे वाचलं की तुम्हालाही पोत ऐकू येऊ लागतो.

दुकानात दोन हेडफोन ताडून बघायची वेळ आली, तर आवाज सारखा करून घेण्याच्या फंदात पडू नका. जो किंचित मोठ्याने वाजतो तोच कानाला जास्त खुला, जास्त भरीव वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकही पुरतो. हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तुम्हाला कशाला हवं? गाणंही ओळखीचं नको. तिथे लावून ठेवलेलं असतं तेच ऐका, नुसता बास आणि टाळ्या असलेलं.

आणि आता एक गोष्ट, जी चुकूनही करायची नाही. कानात घालायच्या इअरफोनच्या खोक्यात, पुठ्ठ्याच्या कप्प्याखाली, एक इवलीशी प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात लहान आणि मोठ्या मापाच्या रबरी टोप्या असतात. इअरफोनवर चढवलेल्या असतात त्या मधल्या मापाच्या. ती पिशवी न उघडता खणात टाका, जिथे जुन्या रिमोटचं झाकण आणि कुठल्या कुलपाची ते न आठवणारी किल्ली पडलेली असते. कानाचं भोक आणि टोपी यांच्यात फट राहिली की पहिला बळी बासचा जातो. खालचे सूर त्या फटीतून निसटतात, वरचे तेवढे राहतात आणि गाणं किरकिरं लागतं. मोठी टोपी ओली करून, कान जरा वर ओढून नीट बसवली तर तोच इअरफोन ओळखू येणार नाही असा वाजतो. कधीकधी डाव्या कानाला एक माप लागतं आणि उजव्याला दुसरं. यात खर्च शून्य, म्हणून हा उपाय आपल्या कामाचा नाही. 'याला बासच नाही' असं जाहीर करून पुढचा इअरफोन मागवा. त्याच्याही पिशवीची जागा तोच खण.

प्लेअरच्या मेनूतल्या इक्वलायझरला, म्हणजे वरचे-खालचे सूर कमीजास्त करायच्या पट्ट्यांना, याच कारणाने हात लावू नये. ट्रेबल टोचत असेल तर तिथली एक पट्टी दोन डेसिबल खाली ओढून काम भागतं. काम भागणं आपल्याला परवडत नाही.

पुढचा इअरफोन घेताना एका कानात किती ड्रायव्हर आहेत ते मोजा. पाच असतील तर एकवाल्याच्या पाचपट चांगला. एटिमोटिक कंपनीचा ईआर-४ हा इअरफोन १९९१ पासून कानागणिक एकाच ड्रायव्हरवर नाव कमावून बसलाय, त्यांना गणित येत नसेल. पाच ड्रायव्हरवाल्याचा रोध सुरागणिक वरखाली होतो आणि प्लेअरच्या जॅकचा, म्हणजे पिन खुपसायच्या भोकाचा, स्वतःचा रोध जास्त असला की आवाजाचा रंगच पालटतो. प्लेअरचा रोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा एक ठोकताळा आहे. हा आकडा प्लेअर बनवणारे सहसा छापत नाहीत, त्यामुळे काळजी करायचंही कारण नाही.

प्रवासात ऐकायला ओपन बॅक हेडफोन घ्या. त्याची पाठ जाळीची असते, आवाज मोकळा लागतो, शांत खोलीत तर फारच सुंदर. गाडीत मात्र इंजिनाची घरघर जाळीतून थेट आत येते आणि तुमचं गाणं बाहेर जातं, शेजाऱ्याला आपोआप लाभ. घरघर दाबायला आवाज वाढवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास ऐका. ९० वर गेलात तर साधारण ४ तास. म्हणजे जाण्यायेण्यातच आठवड्याचा कोटा सोमवारी, फार तर मंगळवारी संपला. बाहेरचा आवाज अडवणारा, नीट बसलेला इअरफोन असता तर पट्टी अर्ध्यावर ठेवूनही भागलं असतं. पण कानांचा एक फायदा लक्षात घ्या: वरचे सूर ऐकू येईनासे झाले की टोचणाऱ्या ट्रेबलची तक्रार कायमची मिटते.

वायर इअरफोनला जन्माची चिकटलेलीच हवी. सुटी होणारी, बदलता येणारी वायर घेतली तर ती तुटल्यावर नुसती वायर बदलून मोकळे व्हाल. चिकटलेली वायर पिनेपाशी आतून तुटते, मग एका कानातलं गाणं जातं. पिन अंगठ्याने दाबून, वायर एका ठरावीक कोनात मुरडून धरली की ते परत येतं. त्या कोनात चिकटपट्टी गुंडाळायची. महिनाभर चालतं, फक्त मान उजवीकडे वळवायची नाही. चालताना ही वायर शर्टाच्या बटणावर घासून कानात धप्प धप्प वाजत असेल, तर ती कानावरून मागे घेऊन घालावी असं काही लोक सुचवतात. त्यांना धपधप म्हणजे बासच, हे कळलेलं नाही.

नवा हेडफोन आवडला नाही तर लगेच परत करू नका. तो आधी 'मुरावा' लागतो, दोनशे तास तरी. रात्रभर कपाटात वाजवत ठेवा. बदलतो तो बहुतेक करून तुमचा कान, तो त्या आवाजाला सरावतो. पण तोवर परत करायची मुदत उलटून गेलेली असते, त्यामुळे निर्णय सोपा होतो.

या सगळ्यातून एखाद्या वेळी खरोखर चांगला, अतिशय संवेदनशील इअरफोन हाती लागायची भीती असते. घाबरू नका. तो कानात घातला की प्लेअरची स्वतःची बारीक 'स्स्स' ऐकू येऊ लागेल. फुकट्या इअरफोनमध्ये ती कधी जाणवलीच नव्हती. आता तुम्हाला नवा प्लेअर बघायला हरकत नाही. तोवर ही 'स्स्स' डाव्या कानात जास्त आहे की उजव्या, याचा रात्री निवांत अभ्यास करा, आणि मध्ये मध्ये येतं म्हणून गाणं तेवढं बंद ठेवा.